त्याच डब्याला दुसरं उड्डाण द्या

प्रति,
विद्यार्थ्यांचे प्रयोग उंच बलूनवर पाठवणाऱ्या कार्यक्रमांचे संयोजक, निवड समित्या आणि निधी देणाऱ्या संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच मागणीसाठी लिहिते आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. तुम्ही निवडलेल्या प्रत्येक चमूला त्याच पेलोडसाठी, म्हणजे बलूनला बांधून वर पाठवायच्या उपकरणांच्या डब्यासाठी, दोन उड्डाणं द्या. पहिल्या उड्डाणानंतर डबा मुलांच्या हातात परत यावा, त्यातल्या नोंदी तपासायला आणि दुरुस्ती करायला त्यांना काही महिने मिळावेत आणि मग तोच डबा पुन्हा वर जावा. त्यासाठी निवडीची संख्या निम्म्यावर आणावी लागली, तरी ती आणावी. हे माझं मत आहे आणि ते सहज बनलेलं नाही. त्याच्यामागे एक आलेख आहे, जो मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या चमूत चौघं होती. प्रश्न त्यांनीच निवडला होता. जमिनीवरून वर जावं तशी वैश्विक किरणांची मोजणी वाढत जाते. ती वाढ कुठे थांबते? उत्तर पुस्तकात आहे. एरिक रेगेनर आणि गेओर्ग फोट्झर यांनी १९३० च्या दशकात रबरी बलूनवरून कण मोजणारी उपकरणं पाठवून ते शोधलं होतं. अवकाशातून आलेला कण हवेच्या अणूवर आदळतो, त्यातून दुय्यम कण उडतात, ते पुढच्या अणूंवर आदळतात, आणि असा कणांचा सडा खाली येत राहतो. साधारण १५ ते २२ किमीच्या पट्ट्यात, अक्षांशानुसार थोडा इकडेतिकडे, हा सडा सर्वांत दाट असतो. त्याच्यावर हवाच इतकी विरळ की सडा पडायला पुरेसे अणू नाहीत. त्याच्याखाली हवा इतकी दाट की कण वाटेतच शोषले जातात. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. मुलांना ते स्वतःच्या डब्यातून बघायचं होतं.

डबा थर्माकोलचा, बाहेरून चंदेरी वेष्टन. आत कण आला की ठोका देणारी गायगर नळी, तिला लागणारा ४०० व्होल्टचा पुरवठा करणारं छोटं सर्किट, दाबमापक, तापमापक, मायक्रोकंट्रोलर आणि एसडी कार्ड. सगळं मिळून वजन एका किलोच्या आत बसवलं. लॅटेक्सचा बलून सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने चढत गेला आणि शंभरेक मिनिटांत ३० किमीवर पोचला. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सव्वा टक्क्याइतका उरतो. सुटताना दोन मीटर व्यासाचा असलेला फुगा तिथवर जाईपर्यंत आठ मीटरांचा होतो आणि फुटतो. संध्याकाळच्या आत डबा सापडला. कार्ड शाबूत होतं. मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

रात्री आलेख काढला. मोजणी चढत गेली होती, अगदी पुस्तकात असते तशी. १९ किमीच्या पुढे तिची चढण मंदावली, रेषा वाकली आणि हळूहळू उतरायला लागली. चौघांनी टाळ्या वाजवल्या. पण २६ किमीला मोजणी एकाएकी कित्येक पट उसळली आणि पुढच्या काही सेकंदांत शून्यावर आली. बलून फुटेपर्यंत शून्यच. एखादी तार तुटली असणार, असं मी म्हणाले आणि उद्या बघू म्हणून उठले.

त्यांच्यातली एक मुलगी मात्र उठली नाही. तिने आलेखाचा उतरतीचा भाग मोठा केला आणि म्हणाली, "मॅडम, हे बघा. खाली येताना नळी परत चालू झाली आहे. तार तुटली असती तर ती आपोआप जोडली कशी गेली असती?"

खरंच तसं होतं. डबा खाली येत असताना, वर जाताना मोजणी जिथे बंद पडली जवळपास त्याच दाबाला, ती पुन्हा सुरू झाली होती. म्हणजे तुटलं काहीच नव्हतं. विरळ हवेतच काहीतरी बिघडत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्ड प्रयोगशाळेतल्या काचेच्या हंडीत ठेवला, पंप लावला आणि खोलीतले दिवे मालवले. दाब उतरत गेला. शंभर हेक्टोपास्कल, पन्नास, तीस. मग बोर्डाच्या एका कोपऱ्यात, सोल्डरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये, जांभळट उजेडाचा एक बारीक कण दिसायला लागला. मोहरीच्या दाण्याहून लहान. खोलीत कोणी काही बोललं नाही. त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर नंतर मोजलं, तर जेमतेम पाऊण मिलीमीटर.

फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये जो नियम मांडला, तो त्या कोपऱ्यात उजळला होता. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल हे हवेचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. दाट हवेत इलेक्ट्रॉन पावलोपावली अणूंवर अडखळतो, त्याला ऊर्जा कमवायला धाव मिळत नाही. म्हणून जमिनीवर पाऊण मिलीमीटर ओलांडायला तीन हजारांहून जास्त व्होल्ट लागतात आणि आमचं सर्किट तिथे निर्धास्त चालत होतं. विरळ हवेत इलेक्ट्रॉनला मोकळी धाव मिळते. दाब आणि अंतर नेमकं जुळलं, तर साडेतीनशे व्होल्टच्या आतबाहेरही काम भागतं. २६ किमीला ते आमच्यासाठी जुळलं होतं. त्या ठिणगीच्या ठोक्यांनी मोजणी उसळली आणि मग पुरवठाच बसला.

मुलांनी ते अंतर वाढवलं, सगळ्या उघड्या जोडांवर सिलिकॉनचा थर दिला, तो वाळू दिला आणि बोर्ड पुन्हा हंडीत ठेवला. या वेळी अंधार शेवटपर्यंत अंधारच राहिला. डबा आता खऱ्या अर्थाने तयार झाला होता. आणि तिथेच सगळं थांबलं, कारण दुसरं उड्डाण नव्हतं. "तुमची संधी होऊन गेली, आता नव्या मुलांची पाळी," असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांचा नियमच तसा होता.

तुम्ही म्हणाल, एवढं शिकली ना मुलं? शिकली, भरपूर शिकली. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं काय झालं, ते बघा. १९ किमीच्या पुढे जी रेषा वाकली, ती वैश्विक किरणांमुळे वाकली की आमच्या सर्किटमुळे? ठिणगी दिसण्याच्या आधीही त्या ठिपक्यांमधून सूक्ष्म गळती सुरू झाली असेल, तर नळीवरचा व्होल्टेज आधीपासूनच उतरत असणार आणि मोजणी त्यामुळेच मंदावली असणार. नळीचा व्होल्टेज नोंदवायचं आम्हाला सुचलं नव्हतं. उतरतीच्या नोंदीवरून ताडून पाहावं, तर विरळ हवेत पॅराशूट वेगाने घसरतं, एकेका किलोमीटरला मिनिटभरसुद्धा मिळत नाही, आणि इतक्या थोड्या ठोक्यांवरून काही ठरवता येत नाही. आकाशाने काय केलं आणि डब्याने काय केलं, हे एका उड्डाणावरून वेगळं काढताच येईना. अहवालात मुलांनी तो भाग तुटक रेषेने काढला. टाळ्या वाजवलेल्या भागासकट.

माझं सगळं म्हणणं या तुटक रेषेत आहे. पहिल्या उड्डाणात डब्याची परीक्षा होते. प्रयोग दुसऱ्या उड्डाणात सुरू होतो. आणि तुमच्यापैकी बहुतेकांचे कार्यक्रम पहिल्या उड्डाणाच्या संध्याकाळी संपतात.

बलूनच्या विज्ञानात एका उड्डाणावर कोणीच विश्वास ठेवलेला नाही. स्थितांबराचा, म्हणजे जिथे वर जावं तसं तापमान उतरत नाही त्या हवेच्या थराचा शोधच घ्या. पॅरिसजवळ त्राप इथल्या आपल्या वेधशाळेतून हवामानशास्त्रज्ञ लेऑन तेसराँ द बोर स्वतः नोंद करणारी उपकरणं बलूनला बांधून वर सोडत असत. साधारण ११ किमीच्या वर तापमान उतरायचं थांबतं, असं ती उपकरणं सांगू लागली. तेव्हाची समजूत अशी की वर जावं तसा गारठा वाढतच जातो. त्यामुळे त्यांचा पहिला संशय उपकरणावर गेला: विरळ हवेत उन्हाने तापमापकच तापत असेल. म्हणून त्यांनी बलून रात्री सोडायला सुरुवात केली. एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निष्कर्ष मांडला तेव्हा त्यांच्या गाठीशी २३६ उड्डाणं होती. त्याच सुमारास जर्मनीत रिखार्ड आसमान यांनी रबरी बलून वापरून तेच दाखवलं. तापमापक उन्हात तापला की खरोखर हवाच उबदार होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेलोडमध्ये आजही उभा राहतो. तेसराँ द बोर यांना तो सोडवायला रात्री मिळाल्या. आपल्या मुलांना आपण एक सकाळ देतो.

व्हिक्टर हेस यांचंही तसंच. वैश्विक किरणांचा शोध म्हटलं की ७ ऑगस्ट १९१२ च्या उड्डाणाचं नाव निघतं, ज्यात ते स्वतः टोपलीत बसून ५,३५० मीटरपर्यंत गेले. पण ते त्या वर्षातलं त्यांचं सातवं उड्डाण होतं. १७ एप्रिलला ते सूर्यग्रहण चालू असताना वर गेले होते. ग्रहणात प्रारण कमी झालं नाही, तेव्हा ते सूर्याकडून येत नसावं असं ते म्हणू शकले. आधीच्या उड्डाणांतून प्रश्न धारदार होत गेला म्हणून सातव्याला उत्तर मिळालं. पुढे वेर्नर कोलहर्स्टर यांनी आणखी उंच जाऊन तेच ताडून पाहिलं. १९३६ मध्ये हेस यांना नोबेल मिळालं.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण ते आपल्या सर्वांच्या परिचयाच्या माणसाचं आहे. इतक्या उंचीवर सूक्ष्मजीव असतात का, हे तपासायला जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रावरून ४१ किमीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. नमुन्यांत जीव सापडले. तरीही त्यांनी तिथे पूर्णविराम दिला नाही. ते जंतू जमिनीवरूनच डब्यात शिरले नसतील कशावरून, हा प्रश्न उरलाच होता. म्हणून प्रयोग पुन्हा करायचं ठरलं आणि २००५ मध्ये, बाहेरचा जंतू आत येऊ नये याची अधिक कडक काळजी घेऊन, दुसरं उड्डाण झालं. त्यातून जीवाणूंच्या तीन नव्या जाती २००९ मध्ये जाहीर झाल्या. त्यांची नावं फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून ठेवली गेली. ते जीव पृथ्वीबाहेरून आले असा दावा मात्र त्या वेळी केला गेला नाही. पहिलं उत्तर आपल्या मनासारखं आलेलं असतानाही स्वतःच्या डब्यावर संशय घेणारी ही माणसं आहेत. मुलांनी विज्ञानाकडून उचलावं असं मला याहून मोठं काही वाटत नाही. आणि दुसरं उड्डाण नसेल तर ते त्यांना शिकवायचं कसं, हे मला समजत नाही.

आता तुमच्यातल्या चांगल्या कार्यक्रमांविषयी. अमेरिकेतल्या हाय अल्टिट्यूड स्टुडंट प्लॅटफॉर्मचं, म्हणजे हॅस्पचं, पहिलं उड्डाण २००६ मध्ये झालं. अनेक विद्यार्थी पेलोड एकाच मोठ्या बलूनखाली सुमारे ३६ किमीवर कित्येक तास तरंगतात, आणि त्याआधी प्रत्येक पेलोडला उष्णता-थंडी आणि निर्वात कक्षातल्या चाचणीतून जावं लागतं. स्वीडन आणि जर्मनीच्या अवकाश संस्था मिळून चालवतात तो बेक्सस कार्यक्रम किरुनाजवळच्या एस्रेंज केंद्रावरून उडतो. तिथे चमूला एक मोठा दस्तऐवज सुरुवातीपासून लिहीत राहावा लागतो, आराखड्याच्या फेऱ्यांमधून जावं लागतं, आणि उड्डाणानंतर काय बिघडलं, काय शिकलो, हेही त्याच दस्तऐवजात यावं लागतं. हे उत्तम आहे. मी आमच्या मुलांना त्याच धर्तीवर वही ठेवायला लावते. पण एका निवडीत एक उड्डाण, ही चौकट तिथेही आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, हे खरं. पण पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा स्पर्धा, पुन्हा नवा प्रस्ताव, आणि तोवर ज्या मुलीने उतरतीचा आलेख वाचला ती शिक्षण संपवून दुसरीकडे गेलेली असते. डबा राहतो, पण त्याची चूक ज्याला कळली तो माणूस राहत नाही.

८ एप्रिल २०२४ च्या सूर्यग्रहणात अमेरिकेतल्या विद्यार्थी चमूंनी केलेलं काम मला म्हणूनच फार आवडलं. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या चमूंनी ग्रहणाच्या आधीपासून नंतरपर्यंत तासातासाला बलून सोडले. ग्रहणाच्या सावलीने हवेत लहरी उठतात का, हे एका बलूनला सांगता येणार नव्हतं. सावली नसताना हवा कशी वागते, ते आधी ठाऊक असायला हवं. त्या मुलांना तुलनेची सवय कामातूनच लागली, वेगळा धडा द्यावा लागला नाही.

"हे सगळं आधी जमिनीवर का तपासत नाही?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आमच्या ठिणगीचा दोष हंडीत आधीच सापडायला हवा होता, ती माझी चूक. त्यानंतर कोणताही डबा हंडीत आणि शीतपेटीत घातल्याशिवाय मी बाहेर काढत नाही. पण वर एकाच वेळी जे जे घडतं, ते खाली एकत्र आणता येत नाही. बाहेर उणे ५० अंश असताना डब्यातला व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर तापून बंद पडतो, कारण त्याची उष्णता वाहून न्यायला हवाच उरलेली नसते. त्याच वेळी दोन बोटांवरचा सेल थंडीने मान टाकत असतो. डबा फिरत असतो, दर काही सेकंदांनी ऊन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं. बलून फुटतो तेव्हा दोरीला असे हिसके बसतात की घट्ट बसवलेला कनेक्टरही निघतो. गरम गोंद थंडीत ठिसूळ होऊन सुटतो. एका चमूची जागेची नोंद १२ किमीला जाऊन थांबली, कारण काही जीपीएस मॉड्यूल मूळ सेटिंगमध्ये त्याच्यावर स्थान देत नाहीत. उड्डाणाचा मोड मुलांनी निवडला होता, पण सुटण्याआधी सेल बदलले तेव्हा तो पुसला गेला. दुसऱ्या एका चमूच्या कार्डात फाइल होती आणि ती रिकामी होती, कारण ती बंद करण्याची आज्ञा जमिनीवर उतरल्यावर येणार होती आणि वीज त्याआधीच गेली. या मुलांना काही येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. व्यावसायिकांच्याही पहिल्या उड्डाणात अशाच गोष्टी होतात. फरक इतकाच की त्यांना पुढचं उड्डाण असतं.

तुमच्या बाजूच्या अडचणी मला ठाऊक आहेत. मी काही कार्यक्रमांत संयोजनालाही हात लावला आहे, त्यामुळे वायूची टाकी, हवाई वाहतूक यंत्रणेला द्यायची आगाऊ सूचना, वाऱ्याचा अंदाज, डबा शोधायला जाणारी माणसं, हे सगळं जवळून पाहिलं आहे. प्रत्येक बलून फुटला की लॅटेक्सच्या चिंध्या कुठेतरी पडतात, त्याचंही मला वाईट वाटतं. म्हणून उड्डाणं नुसती दुप्पट करा असं मी म्हणत नाही. पहिल्या उड्डाणात चार-पाच चमूंचे डबे एकाच दोरीवर जाऊ शकतात. दुसऱ्यांदा उडणारा डबा नव्या चमूंच्या पहिल्या उड्डाणाबरोबर लटकू शकतो. त्याला वेगळा बलून लागतोच असं नाही. हे मी स्वतः होताना पाहिलं आहे. त्याचा न मोजलेला फायदा असा की दुसऱ्या फेरीची मुलं पहिल्या फेरीच्या मुलांना सुटण्याच्या आधी सांगतात, "सेल बदललेत? मग मोड परत बघा." हे वाक्य माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकलेलं जास्त लक्षात राहतं.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो मी टाळणार नाही. वीसऐवजी दहा चमू निवडले, तर दहा चमूंची संधी गेली. ज्या मुलांच्या शाळेत काहीच नाही, त्यांना एकदा तरी आकाशात काही पाठवायला मिळावं, यासाठीच तुमच्यातले कित्येक जण हे काम करता. मी या आक्षेपाशी बराच काळ झगडले आहे. शेवटी मला असं वाटतं की संधी कशाची, हे विचारायला हवं. काळ्या आकाशाखाली वाकलेल्या क्षितिजाचं छायाचित्र पहिल्यांदा आलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ते छायाचित्र प्रत्येक मुलाला बघायला मिळावं, आणि त्यासाठी वीस चमूंच्या दोरीवर एक कॅमेरा पुरतो. पण स्वतःचा प्रश्न, स्वतःची चूक आणि स्वतःचं उत्तर हे तिन्ही हाती लागायचं तर उड्डाणं दोन लागतात. चमू थोडे मोठे करा, दोन शाळांची मुलं एका डब्यावर बसवा, म्हणजे मुलांची संख्याही फारशी घटणार नाही. साधनं नसलेल्या शाळांतल्या मुलांना तर दुसऱ्या उड्डाणाची गरज जास्त आहे. ज्यांच्या घरात आणि शाळेत अशा गोष्टी करणारी माणसं आहेत, त्यांचा डबा पहिल्याच वेळी बरा चालतो. ज्यांच्याकडे कोणी नाही त्यांचा पहिल्यांदा पडतो, आणि एका उड्डाणाच्या नियमाने त्यांच्यापुरती गोष्ट तिथेच संपते. हे आपल्याला कोणालाच नको आहे.

दुसरं उड्डाण सरसकट फुकट द्यावं असंही नाही. त्याला एक अट घाला: पहिल्या उड्डाणानंतर चमूने दोन पानं लिहून द्यावीत. काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, का झालं असावं, आणि डब्यात आता काय बदललं. डबा हरवला असेल तर तेही लिहावं आणि नवा बांधायची मुभा मिळावी. ही दोन पानं सर्वांना वाचायला खुली ठेवा. आमच्या ठिणगीचं पान कोणीतरी आधी लिहून ठेवलं असतं, तर आमचा एक ऋतू वाचला असता. मधला काळ चार ते सहा महिन्यांचा असावा. दोन आठवड्यांत घाईची डागडुजी होते आणि दोन वर्षांत मुलं पांगतात. आणि बक्षिसं उड्डाणाच्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी कोणाचा डबा देखणा आहे आणि कोणाच्या टेलिमेट्रीचा, म्हणजे उडत्या डब्याकडून येणाऱ्या नोंदींचा, पडदा चांगला दिसतो, एवढंच कळतं.

निधी देणाऱ्यांना एक वेगळी विनंती. तुमच्या अहवालाच्या नमुन्यात किती पेलोड उडाले आणि किती विद्यार्थी सहभागी झाले, असे दोन आकडे मागितलेले असतात. संयोजक बिचारे त्या आकड्यांसाठीच वीस चमू घेतात. किती चमूंना आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, हा तिसरा आकडा मागा. सुरुवातीला तो फार लहान येईल. तो लहान आला म्हणून कोणाचा निधी कापू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते, नाहीतर पुढच्या वर्षी तो खोटा येईल.

आमचा डबा माझ्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात मी त्यात नवे सेल घातले आणि नळी लावून पाहिली. ठोके व्यवस्थित येतात. सिलिकॉनचा थर कुठेही सुटलेला नाही. नळीचा व्होल्टेज नोंदवणारी एक जास्तीची तार आता त्यात आहे, ती त्याच मुलीने गावाला जायच्या आदल्या दिवशी बसवून दिली. चौघांपैकी दोघांशी माझा संपर्क आहे आणि तारीख कळवली तर यायला दोघंही तयार आहेत. तुमच्या अर्जाच्या नमुन्यात उड्डाणाच्या तारखेसाठी एक रकाना असतो. पुढच्या नमुन्यात तिथे दोन रकाने करा.

आपली,
विद्यार्थी पेलोड-चमूंची एक मार्गदर्शक